तासाभराच्या विनोदी कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रणे आणि गमतीची गाणी सुचवावीत

बर्डीवरचा श्रोता

नमस्कार. नागपुरातील एका महाविद्यालयाच्या कम्युनिटी रेडिओवर मला रविवारी सकाळचा एक तास मिळाला आहे. त्यात विनोदी कथाकथनाचे तुकडे आणि गमतीची गाणी ऐकवावीत, असा विचार आहे. वडिलांनी जमवलेल्या चाळीसेक कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आजही आहेत. त्यांपैकी एकीवर विविध भारतीवरचे ‘हवामहल’ घरच्या टेपरेकॉर्डरने टिपलेले आहे. प्रहसनातला शेवटचा विनोद येतो नेमका त्याच क्षणी आईच्या कुकरची शिट्टी होते. तो विनोद काय होता हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही, पण शिट्टीला मात्र सगळे हसतात.

अडचण अशी की, चाचणी म्हणून मी एक जुने कथाकथन संगणकावर स्वच्छ करून घेतले. खरखर गेली, सॉफ्टवेअरने मधली शांतताही आपोआप छाटली आणि अठ्ठावीस मिनिटांचे कथन चोवीस मिनिटांवर आले. वेळ वाचला म्हणून मी खूश होतो, परंतु ऐकवले तेव्हा चार मित्रांपैकी एकही हसला नाही. केवळ कानांनी ऐकून हसू येईल असे काय निवडावे आणि ते कसे ऐकवावे, हे जाणकारांनी सांगावे.

धरमपेठचा आजोबा

आपण जी चार मिनिटे छाटली, विनोद त्या चार मिनिटांतच होता. द. मा. मिरासदार किंवा पु. ल. देशपांडे यांचे कोणतेही कथाकथन घड्याळ लावून ऐका. वाक्य संपते, क्षणभर काहीच होत नाही, मग सभागृहाच्या एका कोपऱ्यातून हसू फुटते, ते पसरते आणि ते पुरते ओसरण्याआधीच पुढचा शब्द येतो. तो शब्द नेमका केव्हा टाकायचा, हे सांगणाऱ्याने समोरच्या माणसांकडे पाहून ठरवलेले असते, आणि आपले सॉफ्टवेअर त्यालाच रिकामी जागा समजते. खरखर थोडी राहिली तरी चालेल. मात्र आवाजाची पातळी सपाट करू नका, कारण तसे केले की श्रोत्यांचे हसणे सांगणाऱ्याच्या आवाजाइतकेच मोठे होते आणि आपण सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे असल्यासारखे वाटते.

निवडीविषयी म्हणाल, तर पुलंचे मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकरांवरचे कथन आपल्या शहरात टाळताच येणार नाही. पुणेकराच्या मानाने आपल्या वाट्याला त्यात वेळ कमी आला आहे, ही माझी जुनी तक्रार आहे, परंतु ती कोणाकडे करणार?

इतवारीची कॅसेट

गाण्यांसाठी मी संगीतकार सी. रामचंद्रांपासून सुरुवात करीन. एक कारण घरचे आहे: त्यांनी नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते. दुसरे कारण असे की, त्यांची गमतीची गाणी पडद्यावाचून अडत नाहीत. ‘पतंगा’ (१९४९) मधले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे घ्या. नवरा ब्रह्मदेशात, बायको डेहराडूनला आणि मध्ये फक्त तार. चितळकर (म्हणजे गायक म्हणून स्वतः सी. रामचंद्रच) आणि शमशाद बेगम एकमेकांना दिसत नाहीत, तसेच ते आपल्यालाही दिसत नाहीत. रेडिओसाठी याहून सोयीची मांडणी मला तरी माहीत नाही. ‘आशा’ (१९५७) मधले ‘ईना मीना डीका’ तर बहुतांशी निरर्थक अक्षरांवर उभे आहे. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांच्या आवाजांत ते स्वतंत्रपणे आहे. दोन्ही लागोपाठ लावा, मुले ऐकत असतील तर ती तिसऱ्यांदा मागतील.

‘हाफ टिकट’ (१९६२) मधील ‘आके सीधी लगी’ लावणार असाल, तर त्यातला पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज एकट्या किशोरकुमार यांचे आहेत, हे गाण्याआधी सांगू नका. गाणे संपल्यावर सांगा, म्हणजे ज्याला ठाऊक नाही तो ते मनातल्या मनात पुन्हा ऐकेल.

दादा कोंडके यांचे ‘ढगाला लागली कळ’ नागपुरात कोणत्याही वरातीत वाजते, त्यामुळे सकाळी लावायला हरकत नसावी. पंचाईत होईल ती चित्रपटाचे नाव सांगताना निवेदिकेची.

वऱ्हाडी ठेचा

वरची यादी वाचून मी थोडा नाराज झालो. पुणे झाले, मुंबई झाली, रंगूनही झाले. रेडिओ नागपूरचा आहे ना? कम्युनिटी रेडिओच्या धोरणानुसार निदान निम्मा आशय स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा, अशी अपेक्षा आहे आणि ती मला अगदी योग्य वाटते. आता कोणी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुचवण्यापूर्वीच सांगतो की, त्यातले वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची. लक्ष्मण देशपांडे एकट्याने बावन्न पात्रे उभी करत, त्याला माझा नमस्कारच आहे, परंतु ‘मले’, ‘तुले’ आणि ‘करून राहिलो’ यांची भूक त्याने भागत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी–महाल भागात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत मोबाइल घेऊन उभे राहा. ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीपुढे लोक रोगराईपासून महागाईपर्यंत काय काय जोडतात आणि बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या टीकात्मक पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्या पोट्टे कशा मोठ्याने वाचतात, ते टिपून आणा. त्यात सभागृहातले हसू नाही, रस्त्यावरचे आहे. पुढाऱ्यांची नावे तेवढी गाळावी लागतील, म्हणजे निम्मी फीत जाईलच.

कायद्याची वही

हक्कांचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९५७ च्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क त्यामुळे २०१७ च्या अखेरीस संपला. मात्र शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा आहे. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींना २०४२ पर्यंत संरक्षण आहे. रेडिओ केंद्राकडे प्रसारणाचा परवाना कोणता आणि कशासाठी आहे, ते आधी विचारून घ्या. ‘हवामहल’ची ती कॅसेट घरी ऐकणे वेगळे आणि पुन्हा प्रसारित करणे वेगळे, तेव्हा ती परवानगीशिवाय लावू नका.

बर्डीवरचा श्रोता

सर्वांचे आभार. छाटलेली फाइल पुसून टाकली आणि मूळ कॅसेट पुन्हा संगणकावर घेतली. काल त्याच चार मित्रांना ती खरखरीसह ऐकवली, तेव्हा तिघे हसले. चौथा झोपला होता.

रंगूनचा टेलिफोन, त्यानंतर ‘ईना मीना डीका’चे दोन्ही अवतार आणि मग कथाकथन, असा क्रम सध्या ठरवला असून, परवान्याची चौकशी उद्या करतो. मारबतीला अजून अवकाश आहे, म्हणून स्थानिक भागाची सुरुवात घरातूनच करणार आहे. ‘हवामहल’ची कॅसेट लावता येत नसली, तरी त्या रात्रीची गोष्ट आई स्वतः वऱ्हाडीत सांगायला तयार झाली आहे. तिची अट एकच आहे, शिट्टी खरी हवी. त्यामुळे ध्वनिमुद्रण स्टुडिओत न करता आमच्या स्वयंपाकघरात होईल, आणि तेही तूरडाळ शिजायला लावल्यावर.