जावा वेब सर्व्हिसचा जेसॉन एकाच ओळीत येतो. वाचण्याजोगा कसा करावा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी मी स्प्रिंग बूट ३ (जावा प्रोग्राम लिहिण्याची तयार चौकट) मध्ये लहानशी वेब सर्व्हिस लिहीत आहे. दिवसभरातील हळदीचे सौदे, म्हणजे जात, दर आणि प्रत्येक पोत्याचे वजन, ती जेसॉनमध्ये, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याच्या एका ठरावीक मांडणीत, देते. मात्र सगळे उत्तर एकाच लांबलचक ओळीत येत असल्यामुळे, दुकानाचे दिवाणजी वही घेऊन आकडे ताडायला शेजारी बसले की कोणते वजन कोणत्या सौद्याचे हे मलाच सांगता येत नाही. प्रॉपर्टीजच्या (सेटिंगच्या) फाइलमध्ये जॅक्सनच्या, म्हणजे जेसॉन बनवणाऱ्या लायब्ररीच्या, सिरियलायझेशनखाली 'इंडेंट आउटपुट' (ओळी पाडून मांडणे) ट्रू केले, तरी काही फरक पडला नाही. कंट्रोलरच्या (विनंतीला उत्तर देणाऱ्या भागाच्या) मेथडमध्ये मी जॅक्सनचा नवा ऑब्जेक्टमॅपर (माहितीचे जेसॉन करणारा घटक) तयार करतो, यादीची स्ट्रिंग बनवतो आणि तीच परत करतो. चूक कोठे होत असावी?

प्रतिसाद (मिरज)

चूक आपल्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. प्रॉपर्टीजमधील सेटिंग स्प्रिंग बूटने स्वतः तयार केलेल्या ऑब्जेक्टमॅपरला लागू होते. आपण 'न्यू' लिहून जो दुसरा मॅपर उभा केला, त्याला त्या फाइलचा पत्ताच नसतो, आणि तयार स्ट्रिंग परत केल्यावर स्प्रिंग ती जशीच्या तशी पुढे पाठवते. स्ट्रिंगऐवजी सौद्यांची यादीच परत करावी, म्हणजे सेटिंग आपोआप लागू होईल. स्ट्रिंग हवीच असेल, तर मॅपरवर 'रायटर विथ डीफॉल्ट प्रिटी प्रिंटर' ही मेथड वापरता येते. उत्तर साधारण असे दिसेल:

{
  "जात" : "राजापुरी",
  "बाजार" : "सांगली"
}

अपूर्णविरामाच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा ही जॅक्सनची सवय आहे, त्यामुळे ती दिसल्यास गोंधळू नये.

आणखी एक, प्रकल्पात कोठे 'इनेबल वेब एमव्हीसी' हे ॲनोटेशन (कोडवरील खूण) असेल तर ते काढावे, कारण त्याने स्प्रिंग बूटची तयार मांडणी बाजूला पडते आणि हीच तक्रार पुन्हा उद्भवते.

प्रतिसाद (कराड)

वरील निदान योग्य आहे, परंतु मुळात हे काम सर्व्हिसकडे द्यावे का, याबद्दल माझे मत वेगळे आहे. जेसॉनच्या नियमांनुसार घटकांमधील मोकळ्या जागेला काहीच अर्थ नसतो. ती फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी असते. म्हणून ही सेटिंग केवळ डेव्ह प्रोफाइलच्या (प्रोग्राम लिहितानाच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये ठेवावी, आणि एरवी कर्ल या कमांडने मागवलेले उत्तर जेसॉन मांडून दाखवणाऱ्या जेक्यू या कमांडकडे वळवावे किंवा फायरफॉक्समध्ये पत्ता उघडावा, कारण तो जेसॉनची मांडणी स्वतःच करून दाखवतो.

पायथॉनचे जेसॉन टूल वापरणार असाल, तर ते देवनागरी अक्षरांच्या जागी युनिकोडचे आकडी संकेत छापते. 'हळद' हा यूटीएफ-८ मध्ये ९ बाइटचा शब्द १८ बाइटचा होतो आणि दिवाणजींना तो मुळीच वाचता येणार नाही. पायथॉन ३.९ पासून 'नो एन्शुअर आस्की' हा पर्याय दिल्यास अक्षरे जशी आहेत तशी राहतात.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. यादी परत करताच ओळी पडल्या आणि सेटिंग आता डेव्ह प्रोफाइलमध्ये हलवली आहे. फक्त पोत्यांची वजने अजूनही चौकटी कंसात एकाच ओळीत येतात. तीही एकाखाली एक आणता येतील का?

प्रतिसाद (मिरज)

येतील. जॅक्सनचा डीफॉल्ट प्रिटी प्रिंटर ऑब्जेक्टमधील प्रत्येक नोंद नव्या ओळीवर घेतो, पण ॲरेमधील (चौकटी कंसातील यादीमधील) साधी मूल्ये एकाच ओळीत ठेवतो. त्याच्या 'इंडेंट ॲरेज विथ' या मेथडला डीफॉल्ट इंडेंटर (ओळी पाडणारा घटक) द्यावा आणि तो प्रिंटर मॅपरच्या 'सेट डीफॉल्ट प्रिटी प्रिंटर' या मेथडने बसवावा.

प्रश्नकर्ता

करून पाहिले आणि जमलेही. मात्र ४० पोत्यांच्या सौद्याला ४० ओळी लागू लागल्या, तेव्हा दिवाणजींनीच पहिली मांडणी बरी असल्याचे सांगितले, कारण त्यांच्या वहीतही वजने आडवीच लिहिलेली असतात. तेवढा बदल मागे घेतला आहे.