कथा सुरू होते पण पुढे सरकतच नाही, काय करू?

बोरीकाठ (पारोळा)
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून कथा लिहायचा प्रयत्न करतेय, वहीत सात अर्धवट पडल्यात, पूर्ण एकही नाही. विषय आहेत. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं कापूस वेचणीच्या हंगामात वजनावरून शेतमालकाशी वाजलं आणि नंतर त्यांना कोणी कामाला बोलवेना, ही गोष्ट मी तोंडाने सांगते तेव्हा मैत्रिणी जागच्या हलत नाहीत. लिहायला बसले की मात्र पहिली तीन पानं नुसता सूर्य उगवतो, चिमण्या किलबिलतात, माझं मलाच खोटं वाटतं आणि वही बंद. त्यात भाषेचं. घरी आम्ही अहिराणी बोलतो, काकू पुस्तकी मराठी बोलायला लागल्या की त्या काकू राहतच नाहीत, पण अहिराणी लिहिली तर बाकीच्यांना कळेल का? एका सरांना दाखवलं तर म्हणाले आधी शुद्धलेखन सुधार. तेव्हापासून कोणाला दाखवायची हिंमतच होत नाही.

तापीकाठ (भुसावळ)
ताई, सूर्य-चिमण्या सगळं काढा आणि थेट वजनाच्या काट्यापासून सुरू करा. गाव आपोआप येतं मागून. आणि तुम्ही तोंडाने चांगलं सांगता ना, मग फोनवर रेकॉर्ड करा, जसं मैत्रिणीला सांगता तसंच, आणि ऐकत ऐकत उतरवून काढा. असोद्याच्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं, घरात शेतात काम करताना त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि त्याच्या मावसभावाने ते लिहून ठेवलं, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं, त्या गेल्यावर. आधी सांगणं, मग लिहिणं, आपल्याकडे हे नवीन नाही.
दुसरं म्हणजे गोष्ट कोण सांगतंय ते ठरवा. काकू स्वतः, की मालक, की काट्याजवळ वही घेऊन आकडे लिहिणारी मालकाची मुलगी? मी असतो तर मुलगी घेतली असती. तिला खरा आकडा दिसतो आणि बापासमोर बोलता येत नाही, तिथेच सगळा ताण आहे. तीच अख्खी घटना तिघांच्या तोंडून एकेक पान लिहून बघा, कुठलं पान हाताला लागतं ते लगेच कळतं.

पांझराकाठ (धुळे)
वरच्यांशी सहमत, फक्त भाषेचं सांगतो. निवेदन मराठीत ठेवा, बोलणं अहिराणीत. माय दारात उभी राहून "मना आंडोर कथा गया?" विचारते आणि पुढच्या ओळीत शेजारीण बोट दाखवते शाळेकडे, की झालं, अर्थ सांगायची गरजच नाही. पहिल्या पानावर जरा कमी ठेवा, वाचणाऱ्याचा कान बसला की मग मोकळं सोडा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, कथा पूर्ण झाल्यावर, ते काम दुसरा कोणीही करून देतो, काकू मात्र तुम्हीच लिहू शकता. आणि दाखवताना "कशी वाटली" विचारू नका हो, "कुठे कंटाळा आला" विचारा, लोक खरं सांगतात. सुरुवातीला मला याचा फार फायदा झाला.

बोरीकाठ (पारोळा)
काल रात्री रेकॉर्ड केलं, अकरा मिनिटं. ऐकलं तर गावाचं वर्णन एकदाही नाही! मुलीच्या बाजूने पहिल्या ओळी लिहिल्यात, टाकतेय, हात थरथरतोय:
"गाठोडं काट्याला अडकवलं. काटा चौदावर थांबला. बाबा बोलले, बारा लिही. काकूंनी माझ्या पेनाकडे पाहिलं, बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं त्यांनी ओटीत लपवली."
बाबा दोन किलो का कापतात ते इथेच सांगू का?

तापीकाठ (भुसावळ)
नका सांगू. काकूंना विचारू दे. बोटं लपवली हे फार भारी आहे, हात लावू नका त्याला. मुलीने बारा लिहिलं की चौदा, ते कधी टाकताय?