फ्रँकेनस्टाइनच्या नव्या अवतारांत भीती कोठे हरवते?

प्रश्न

मेरी शेली यांची १८१८ साली निनावी प्रसिद्ध झालेली 'फ्रँकेनस्टाइन' मी नुकतीच मुळातून वाचली. १९३१ च्या चित्रपटामुळे मनात ठसलेला, गुरगुरत अडखळत चालणारा राक्षस तिच्यात कोठेच भेटला नाही. उलट, मिल्टन आणि प्लुटार्क वाचणारा, आपल्या निर्मात्याशी मुद्देसूद वाद घालणारा एक एकाकी जीव भेटला. त्यानंतर या कथेवर बेतलेल्या काही अलीकडच्या भयकथा वाचल्या. बहुतेक ठिकाणी शवाच्या जागी यंत्रमानव किंवा संगणकप्रणाली आली होती, पण भीती मात्र वाटली नाही. अशा पुनर्कथनात मुळातले नेमके काय टिकायला हवे?

प्रतिसाद १

आपण वाचलेल्या कथांनी बहुधा प्रयोगशाळेलाच कथा मानले असावे. शेली यांनी तर ती जवळजवळ टाळलीच आहे: जीव कसा ओतला हे निर्माता व्हिक्टर त्याची कहाणी ऐकणाऱ्या वॉल्टन या दर्यावर्दीला शेवटपर्यंत सांगत नाही. खरा थरकाप त्याच रात्री पुढे आहे. घाबरून निजलेल्या व्हिक्टरला जाग येते, तेव्हा तो नवजात जीव पलंगाचा पडदा उचलून त्याच्याकडे पाहत असतो, काहीतरी पुटपुटतो, हात पुढे करतो, आणि व्हिक्टर पळून जातो. तान्हे मूल आईबापांकडे झेपावते तसाच तो हात आहे, हे वाचकाला उमगते आणि व्हिक्टरला उमगत नाही. हा क्षण गाळून यंत्र कितीही अद्ययावत दाखवले, तरी उरतो तो केवळ अपघात.

प्रतिसाद २

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तथापि निर्माता पळून न जाताही ही कथा भयंकर होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून अहमद सादावी यांची 'फ्रँकेनस्टाइन इन बगदाद' अवश्य वाचावी. मूळ अरबी कादंबरी २०१३ ची असून तिला २०१४ मध्ये अरबी कथासाहित्याचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. अमेरिकी फौजांच्या ताब्यातील बगदादमध्ये भंगार विकणारा हादी बॉम्बस्फोटांत विखुरलेले अवयव गोळा करून एक देह शिवतो. त्याला विज्ञानाची महत्त्वाकांक्षा नाही. त्या तुकड्यांना कचरा न समजता माणसाप्रमाणे दफन लाभावे, एवढेच त्याला हवे असते. पुढे तो देह उठतो आणि ज्यांचे अवयव त्याच्यात आहेत त्यांचा सूड घेऊ लागतो. सूड पुरा झाला की तो तो भाग सडून गळतो, म्हणून नवे मांस लागते. हळूहळू ते गुन्हेगारांचेही चालते, आणि निरपराध कोण हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. सूडाचे हे गणित संपणारच नाही, हे ध्यानात येते तेव्हा मला खरी धडकी भरली.

प्रतिसाद ३

माझा मुद्दा थोडा निराळा आहे. मूळ कादंबरीत वॉल्टनच्या पत्रांत व्हिक्टरचे कथन आणि त्याच्या पोटात त्या जीवाचे कथन आहे. कोणावर किती विश्वास ठेवावा, हा पेच त्या रचनेतूनच येतो. अलास्डेर ग्रे यांनी 'पुअर थिंग्ज' (१९९२) मध्ये तो नेमका पकडला. बुडून मेलेल्या स्त्रीच्या देहात तिच्याच गर्भाचा मेंदू बसवल्याची हकिगत पती सांगतो आणि शेवटी पत्नीचे पत्र ती सगळी थाप ठरवते. २०२३ च्या चित्रपटाने हे पत्र गाळले. चित्रपट देखणा आहे, पण माझ्या मते कथेची नांगीच त्यामुळे गेली.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. सादावींपासून सुरुवात करतो. माझ्याकडची प्रत १८३१ च्या सुधारित आवृत्तीची आहे. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद १

पडतो. १८३१ मध्ये व्हिक्टर नियतीच्या हातातले बाहुले अधिक वाटतो, तर १८१८ मध्ये त्याच्या निवडी त्याच्या स्वतःच्या आहेत. पळून जाण्याच्या प्रसंगासाठी मी तरी पहिलीच आवृत्ती सुचवेन.