सकर मासा गरीब म्हणे! उजनीवर येऊन बोला

भीमाकाठ: काल या फोरमवर घरी काचेच्या टँकमध्ये मासे पाळणाऱ्या एकाने लिहिलं, ‘सकर बिचारा तळाशी पडून शेवाळ खातो, हेलिकॉप्टर मासा म्हणून त्याला बदनाम करू नका.’ डोकंच फिरलं. माझ्या चुलत्यांची हयात उजनी धरणात जाळं टाकण्यात गेली. हा अडकला की पाठीवरचा आणि बाजूचे काटे असे रुततात की शेवटी जाळंच कापावं लागतं. खवल्यांच्या जागी हाडाच्या चकत्या, विळी चालत नाही. बाजारात फुकट दिला तरी कुणी नेत नाही. दुकानातून बोटाएवढा आणायचा, दीड फुटाचा झाला की गुपचूप नदीत सोडायचा, आणि निस्तरायचं आम्ही!

काचेपलीकडे: ते लिहिणारा मीच. शेवाळ आणि गाळ खातो हे खोटं आहे का? कटला माशामागे धावत नाही तो. आणि सगळे टँकवाले नदीत सोडत नाहीत. माझा अजून घरातच आहे, बायको रोज बोलते त्याच्यावरून. विकताना दुकानदार म्हणाला होता, ‘एवढाच राहतो साहेब.’ त्याला धरा.

भीमाकाठ: शेवाळ खातो म्हणजे उपकार करतो? तळ खरवडताना दुसऱ्यांची अंडीही जातात पोटात. नर काठाच्या मातीत मीटरभर खोल बिळं करतात, काठ ढासळतात. मेक्सिकोत इन्फिएर्नियो धरणावर चिलापीचा, म्हणजे तिलापिया माशाचा, धंदा चालायचा, जाळ्यात हाच भरायला लागला आणि धंदा बसला. उद्या भिगवणला तेच होणार.

जुना गळकरी: घ्या, चिलापीसाठी गळा काढला! ती काय भीमेची लेक? आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली, तीही मुद्दाम. कटला-रोहू तरी कुठले, गंगेकडचेच, बीज सोडून वाढवलेले. लहानपणी आम्ही नदीवर जे मासे धरायचो त्यातले निम्मे आता दिसत नाहीत, तेव्हा कुणी धागा काढला नाही. चिलापी पैसे देते म्हणून आपली, सकर देत नाही म्हणून राक्षस. असंच ना?

भीमाकाठ: चिलापीवर चुली पेटतात इथे. एसीत बसून तिला परकी म्हणू नका.

जुना गळकरी: एसी नाही माझ्याकडे. आणि चुली पेटतात म्हणून ती देशी होत नाही.

माढेकर: दोघंही मुद्दा सोडून भांडताय. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी येतं ते बघा आधी. पाण्यात ऑक्सिजन नसला तरी सकर वर येऊन हवा गिळतो, पोटातून श्वास घेतो. बाकीचे मासे तडफडतात, हा मजेत.

कोथरूडची: आलं पुणं! उन्हाळ्यात नळ कोरडा पडला तरी पुण्यामुळेच म्हणाल. आम्ही पाणी पिणंच सोडतो.

माढेकर: पिऊ नका असं कोण म्हणतंय, ताई? वापरलेलं शुद्ध करून सोडा.

काचेपलीकडे: बरं, दुकानातून सकर विकणं बंद व्हावं, मान्य. झालं समाधान? मग चिलापीचं बीज सोडणंही बंद करा. आणि ब्राझीलमध्ये ॲमेझॉनकाठच्या सांतारें शहराकडे याचे भाऊबंद कवचासकट निखाऱ्यावर भाजून खातात, सुकवून भुगा करतात, पिराकुई म्हणतात त्याला. आपल्यालाच नखरे.

भीमाकाठ: या भिगवणला. पाटीभर सकर देतो, निखारेही आमचेच. पहिला घास तुमचा. आणि येताना त्या कोथरूडच्या ताईंना घेऊन या, त्याच्या पोटात पुण्याचं काय काय निघतं ते ओळखायला.