लेझर म्हणतो सरळ, तारा म्हणतो वाकडा (६ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, देवगड)

पडवीतला_न्यूटन
नमस्कार मंडळी. आरसा विकतचा, ६ इंची, एफ ८ (फोकस अंतर व्यासाच्या आठपट). नळी आणि डॉब्सन बैठक (साधी, हाताने फिरवायची) गावच्या सुताराबरोबर बसून केलेली. पावसाळाभर दुर्बीण आंब्याच्या पेट्यांच्या खोलीत होती. दिवाळीनंतर काढली तर मुख्य आरशामागचे तिन्ही स्क्रू गंजून बसलेले. खोबरेल सोडून कसेबसे फिरते केले. आरसा नळीत खडखडत होता म्हणून त्याच्या क्लिपाही आवळल्या. मग आरसे जुळवायला स्वस्तातला लेझर फोकसरमध्ये (आयपीस, म्हणजे डोळ्याचं भिंग, बसतं त्या नळीत) घालून ठिपका अंदाजाने मुख्य आरशाच्या मधोमध आणला, परतीचा ठिपका लेझरच्या भोकात बसवला. सगळं झकास. पण ६ मिमीच्या आयपीसमधून, म्हणजे २०० पट, मधोमध धरलेल्या ताऱ्यालाही एका बाजूला शेपटी! गुरूचे पट्टे धुऊन वाळत घातल्यासारखे. ध्रुवावर तपासावं तर तो आमच्याकडे जेमतेम १६ अंश वर, शेजाऱ्यांच्या माडांत अडकलेला, आणि दमट हवेत नुसता उकळतो. आई विचारते, "नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं ते काय वाईट होतं?" काय चुकतंय?

खाडीपलीकडे
लेझरच वाकडा असणार. फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोका, त्यांच्या खाचेत लेझर ठेवून जागच्या जागी फिरवा. समोरच्या भिंतीवर ठिपका गोल फिरला तर लेझर फेकून द्या.
आणि खोबरेल कसलं घालताय? २४ अंशांखाली थिजतं ते, डिसेंबरात पहाटे स्क्रू पुन्हा जाम. शिवणयंत्राचं तेल घाला. खरं तर स्क्रूच बदला. होड्यांचं सामान मिळतं तिथे ३१६ प्रतीचं स्टेनलेस मागा, खाऱ्या वाऱ्याला तेच पुरून उरतं.

ओहोटीची_वेळ
स्क्रूंचं पटलं, लेझरचं अर्धंच. वाकड्या लेझरने फोकसरची दिशा चुकते, पण मधोमधच्या ताऱ्याला शेपटी फुटते ती बहुतेक मुख्य आरशाचा अक्ष सरकल्यामुळे. दादा, 'अंदाजाने मधोमध' हीच गोम आहे. ठिपका आरशाच्या केंद्रापासून १ सेंमी हुकला, तर परतीचा ठिपका भोकात बसूनही अक्ष फोकसपाशी अर्धा सेंमी सरकतो. एफ ८ तसा क्षमाशील, अक्ष साधारण ११ मिमी व्यासाच्या गोलात असला तर खपवून घेतो. एफ ५ ला हाच गोल पावणेतीन मिमीचा. तुमची शेपटी दिसतेय म्हणजे चूक बरीच मोठी आहे.
आरशाएवढा कागद गोल कापा, चार घड्या घाला, टोक किंचित छाटा. आरशावर अलगद ठेवून भोकातून खूण करा आणि फाईलच्या भोकांना लावतात ती गोल चकती तिथे चिकटवा. तो भाग तसाही दुय्यम आरशाच्या (फोकसरसमोरच्या छोट्या तिरप्या आरशाच्या) सावलीत असतो, प्रकाश वाया जात नाही. मग जुन्या फिल्म रोलच्या डबीच्या बुडाला बरोब्बर मध्ये २ मिमी भोक पाडून ती फोकसरमध्ये घाला. आधी दुय्यम आरसा असा फिरवा की मुख्य आरसा तिन्ही क्लिपांसकट पूर्ण दिसेल. या वेळी नळी आडवीच ठेवा! माझी ॲलन की एकदा सरळ आरशावर पडली होती, तो ओरखडा अजून आहे. मग मागचे स्क्रू फिरवून डबीच्या भोकाचं प्रतिबिंब चकतीत आणा.
ध्रुवाचा नाद सोडा. देवगडात रोहिणी जवळजवळ डोक्यावरून जाते. पण अगदी माथ्यावर डॉब्सन वळवताना नाकीनऊ येतात, म्हणून तासभर आधी धरा. फोकस थोडा बिघडवला की वर्तुळं एकात एक बसायला हवीत. स्क्रू फिरवला की तारा पळतो, दरवेळी मध्ये आणूनच ठरवा.

पडवीतला_न्यूटन
ताई, चकती लावल्यावर लेझर मारला. ठिपका चक्क दीड सेंमी बाजूला! (भिंतीवर गोल फिरला तोही, खाडीपलीकडेंनाही अर्धे मार्क.) डबीने जुळवलं, काल दहाला रोहिणीवर बघितलं. शेपटी गेली, पण तारा तिकोनी.

ओहोटीची_वेळ
क्लिपा आवळल्यात ना? आरसा चिमटला गेलाय. क्लिप आणि आरसा यांत कागद सरकेल इतकी फट ठेवा. थोडा खडखडू दे.

पडवीतला_न्यूटन
सैल केल्या. तारा गोल. गुरूवर दोन पट्टे स्वच्छ, मधूनच तिसराही. आईला दाखवला. म्हणाली, "बाजूचे चार ठिपके काय, डास?" चंद्र आहेत म्हटल्यावर पुन्हा डोळा लावला आणि दहा मिनिटं मला जवळ येऊ दिलं नाही.