मदत हवी आहे: चिनी अक्षरांत कुठली रेघ आधी? दोन अ‍ॅप, दोन उत्तरं

चौकटीची_वही:
इथे चिनी अक्षरं टाकली की नुसते चौकोन उमटतात, म्हणून अर्थ आणि उच्चार देते आहे. लिपी सरलीकृत (चीनमध्ये वापरतात ती, सोपी केलेली), पातळी अगदी पहिली.
१) ‘शेत’ (थ्येन), म्हणजे चौकटीत अधिकचं चिन्ह. एक अ‍ॅप आतली आडवी रेघ आधी काढतं, दुसरं उभी. बरोबर कुठलं?
२) ‘देश’ (ग्वो) लिहिताना बाहेरचा चौकोन पुरा केला की लगेच लाल फुली येते.
३) ‘मी’ (वो) मधल्या सात रेघा मोजता येतात, पण क्रम दर वेळी वेगळा होतो.
अक्षर शेवटी सारखंच दिसतं, मग एवढा अट्टहास कशाला?

उभी_आडवी:
दोन्ही बरोबर, देश वेगळे. दुसरं अ‍ॅप जपानी क्रम दाखवतंय. चीनमध्ये ‘शेत’ असं: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी बाजू न उचलता एकाच रेघेत, आतली आडवी, आतली उभी, शेवटी तळ. जपानमध्ये आतली उभी आधी. ‘राजा’चंही (वांग) तसंच: चीनमध्ये दोन आडव्या, उभी, तळाची आडवी, जपानमध्ये एक आडवी, उभी, मग उरलेल्या दोन.
तैवानच्या शिक्षण मंत्रालयाने 1996 मध्ये स्वतःचा क्रम छापला. चीनचं सध्याचं प्रमाण 1 मार्च 2021 पासून लागू आहे, त्यात 8105 अक्षरं आहेत. तुम्ही सरलीकृत शिकताय, तेव्हा चीनचंच धरा आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये भाषा तपासा.

कोरा_कागद:
‘देश’साठी चिनी शाळांत शिकवतात तेच लक्षात ठेवा: आधी माणसं आत, मग दार बंद. डावी उभी, वरून वळून उजवी बाजू, मग आतलं ‘जेड रत्न’ हे अक्षर (यू: आडवी, आडवी, उभी, आडवी, ठिपका), आणि आठवी रेघ तळाची.
उजवीकडे उघडी चौकट असेल, जसं ‘वैद्यक’ (ई), तर वरची आडवी, मग आतला भाग, आणि डावी बाजू व तळ शेवटी एका रेघेत. ‘मार्ग’मधला (ताओ) डावीकडून खाली वळसा घेणारा भाग सगळ्यात शेवटी. पण ‘उठणे’मध्ये (छी) तसाच दिसणारा भाग आधी येतो! तिथे ते ‘चालणे’ हे पूर्ण अक्षर आहे, म्हणून.

उभी_आडवी:
‘मी’: वरची छोटी डावीकडे उतरती, लांब आडवी, उभी आणि तळाशी डावीकडे आकडी. चौथी रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते. बहुतेक जण ती उलटी ओढतात. पाचवी लांब तिरकी, आडवीच्या वरून सुरू होऊन खाली उजवीकडे, शेवटी वर आकडी. सहावी तिला छेदत डावीकडे उतरते. ठिपका वर उजवीकडे, शेवटी.

लेखणी_दौत:
अट्टहासाबद्दल. भरभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि कुठली कुठल्या रेघेला जोडायची हे क्रमच ठरवतो. क्रम चुकीचा असेल तर जलद अक्षर चिनी माणसालाही लागत नाही. फोनवर पाच कळांनी टंकायची पद्धतही क्रमावरच चालते: आडवी 1, उभी 2, डावीकडे उतरती 3, ठिपका 4, वळणारी 5. ‘मी’ म्हणजे 3121534. चढती रेघ आडवीत मोजतात, उभीला आकडी असली तरी ती उभीच.
आपल्या हाताची खास खोड म्हणजे शिरोरेषा. देवनागरीत ती शेवटी देतात, त्यामुळे ‘नाही’ (पू) किंवा ‘आकाश’ (थ्येन, ‘शेत’हून सूर वेगळा) लिहितानाही वरची आडवी मागे राहते. इथे ती पहिली. दुसरी खोड, ‘तोंड’ (खौ) एका दमात गोल फिरवणं. त्याच्या रेघा तीन: डावी, वर-उजवी, तळ.

चौकटीची_वही:
आभार. ‘पाणी’मध्ये (श्वेइ) मधली उभी आधी येते, मग ‘अग्नी’मध्ये (हुओ) का नाही?

लेखणी_दौत:
‘लहान’ (श्याओ) आणि ‘पाणी’ला मध्य आधी. ‘अग्नी’ला मात्र डावा ठिपका, उजवी छोटी उतरती, मग मधलं ‘माणूस’ (रन) हे अक्षर. अपवाद म्हणून पाठ करा. तसाच ‘बाई’ (न्यु): आडवी रेघ शेवटी.
सरावाला गणिताची चौकटीची वही पुरते. दोन बाय दोन चौकटींत एक अक्षर लिहा, मधल्या रेषांवरून प्रमाण कळतं. पाच वेळा पाहून, पाच वेळा झाकून, रेघेचं नाव मोठ्याने म्हणत. रकानाभर आधी सगळ्यांचे डावे भाग आणि मग उजवे, असं कधीच भरू नका. त्यात क्रमाचा सरावच होत नाही.