उथळ पाण्यात लांब काठीला लागलेला मासा काठावर कसा घ्यावा?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, मी सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जातो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठापासून बऱ्याच अंतरापर्यंत गुडघाभरच पाणी उरते आणि चिलापी नेमकी त्याच पट्ट्यात असते. माणूस जवळ गेला की ती पळते, म्हणून मी रीळ नसलेली, घडीची 5.4 मीटर लांबीची कार्बनची काठी वापरतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, थेट काठीच्या शेंड्याला बांधलेला असतो.

पाव किलोपर्यंतचा मासा उचलला की सरळ हातात येतो, त्याची काही अडचण नाही. पाऊण-एक किलोची चिलापी किंवा एखादा रोहू लागला म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो. दोरी गुंडाळून घ्यायची सोय नाही, काठी मागे न्यावी तर पाठीशी बाभळी, आणि खोल जाता येत नसल्यामुळे मासा आडवा धावून सगळा थवा उधळून लावतो. अशा वेळी मासा उचलावा, ओढत काठावर आणावा की जाळीतच घ्यावा? आणि काठीच्या मानाने दोरी किती लांब ठेवावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पाणवठा

आपल्या प्रश्नाचे मूळ तरफेत आहे. पुढचा हात हा टेकू आणि मागचा हात त्यापासून साधारण 40 सेंटिमीटर मागे धरला, तर शेंडा टेकूपासून 5 मीटर पुढे राहतो. सरळ धरलेल्या काठीच्या शेंड्यावर 1 किलोचा मासा लटकला, की मागच्या हाताला 12 किलोंहून अधिक जोर लावावा लागतो. काठी वाकली की हा हिशेब काहीसा हलका होतो, पण तोच भार काठीच्या सांध्यांवर येतो आणि काठी बहुधा शेंड्याकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या सांध्यात तुटते. याउलट मासा पाण्यात असेपर्यंत त्याचे वजन काठीला जवळजवळ जाणवतच नाही, जाणवते ती त्याची ओढ. म्हणून मोठा मासा पाण्याबाहेर उचलायचा नाही, हे आधीच ठरवून टाकावे.

गळ लागताच काठी उभी न करता आडवी, पाण्याला समांतर अशी एका बाजूला झुकवावी. काठी उभी केली की माशाचे डोके वर येते, तो पृष्ठभागावर फडफडतो आणि त्या आवाजानेच थवा फुटतो. आडव्या काठीने त्याला थव्यापासून बाजूला, उघड्या पाण्याकडे वळवता येते. तो डावीकडे धावला तर काठी उजवीकडे न्यावी, म्हणजे त्याचे तोंड वळते आणि तोंड वळले की जोर निम्मा होतो. माशाच्या दिशेने काठी सरळ रोखून धरू नये, कारण मग काठीचे वाकणे संपते, सगळा ताण तंगुसावर येतो आणि तो तुटतो.

चिलापीविषयी थोडे वेगळे सांगणे आवश्यक आहे. हा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आणला गेला आणि आता आपल्या बहुतेक जलाशयांत स्थिरावला आहे. नर उथळ तळावर गोल खड्डा करून त्याची राखण करतो, म्हणून ती आपल्याला काठालगत सापडते. तिचे तोंड पुढे सरकणारे असते आणि ओठांची कड टणक असली तरी बाजूची कातडी पातळ असते. गळ त्या कातडीत रुतला असेल तर झटका दिल्याबरोबर ती फाटते आणि मासा सुटतो. रोहूचा ओठ मांसल असल्यामुळे तिथे गळ चांगला धरतो, त्याच्याशी अधिक वेळ झुंजता येते.

दोरीबाबत माझे मत असे की, लहान मासे उचलूनच घ्यायचे असतील तर ती काठीपेक्षा वीतभर कमी ठेवावी, म्हणजे काठी उभी केल्यावर मासा छातीशी येतो. जाळी वापरायची असेल तर दोरी काठीइतकीच ठेवावी. आखूड दोरीने मोठा मासा पायाशी आणायला गेलात, तर तो जाळीपर्यंत पोहोचण्याआधीच पाण्याबाहेर उचलला जातो.

भीमाकाठ

आडव्या काठीचा मुद्दा पटला. परंतु मासा ओढत काठावर घेण्याविषयी आपण काही लिहिले नाही. आमच्याकडचा काठ उताराचा आणि गाळाचा आहे.

नागारातीर

मी गेली काही वर्षे जपानमध्ये, गिफू प्रांतात राहतो. इथे उथळ, वाहत्या नदीत आयू नावाचा मासा सुमारे 9 मीटर लांबीच्या, बिनरिळाच्या काठीने धरतात. आयू दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो आणि आपल्या दगडाच्या परिसरात दुसरा आयू आला की त्याच्यावर धावून जातो. म्हणून नाकात वेढणी अडकवलेला एक जिवंत आयूच दोरीला बांधून प्रवाहात सोडतात. त्याच्या शेपटीमागे मोकळे गळ लोंबत असतात आणि हल्ला करणारा मासा त्यांत अडकतो. त्यामुळे शेवटी दोन मासे एकदम बाहेर घ्यावे लागतात.

इथले मुरलेले लोक गुडघा-मांडीभर पाण्यात उभे राहून ते दोन्ही मासे एका ओढीत पाण्याबाहेर काढतात. मासे पाण्यावरून उडत येतात आणि कमरेच्या पट्ट्यातून उपसलेल्या आखूड मुठीच्या गोल जाळीत पडतात. हे पाहताना बळाचे काम वाटते, पण जवळून पाहिले की लक्षात येते, तो माणूस आधी बराच वेळ काहीच ओढत नाही. काठी कमानीसारखी वाकवून तो नुसता थांबतो. प्रवाहाशी झगडून मासा थकतो, हळूहळू पृष्ठभागाशी येतो आणि त्याचे डोके वर दिसले की त्याच क्षणी, काठीत साठलेल्या ताणाच्या जोरावर तो बाहेर येतो. आयू बहुधा शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो, म्हणून हे जमते. एक किलोच्या चिलापीला हा प्रयोग करू नये. थांबण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. आपल्याकडे प्रवाह नाही, म्हणून काठीचा वाकच माशाला दमवतो, आणि तो वाक सतत टिकवून ठेवणे एवढेच आपले काम असते.

सांधेकाठी

इंग्लंड-फ्रान्समध्ये 11 ते 16 मीटर लांबीच्या काठ्या वापरतात. त्यांच्या शेंड्याकडच्या पोकळीत रबराचा धागा ओवलेला असतो आणि तंगूस त्या रबराला जोडतात. मासा धावला की रबर बाहेर ताणले जाते. मग काठी मागे सरकवत खालचे सांधे सोडवून बाजूला ठेवतात आणि हातात केवळ वरचे दोन-तीन सांधे उरले की मासा जाळीच्या टप्प्यात येतो. आपल्या घडीच्या काठीत सांधे सोडवता येत नाहीत. तिची खालची नळी आत सरकवून काठी आखूड करण्याचा मोह होतो, पण मासा लागलेला असताना ते करू नये, कारण त्या धडपडीत दोरी सैल पडते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कार्बनमधून वीज वाहते. फुगवट्याच्या काठाने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात आणि पाणी मागे हटले की आपण नेमके त्यांच्या खाली बसतो. काठी उघडण्यापूर्वी वर पाहावे, तारांपासून काठी आणि दोरी यांच्या एकत्रित लांबीहून अधिक दूर बसावे आणि वळवाचे ढग गडगडू लागले की काठी ताबडतोब आडवी ठेवून तिथून दूर व्हावे.

पाणवठा

ओढत घेण्याविषयी: काठ वाळूचा किंवा बारीक खडीचा, सपाट उताराचा असेल तर दमलेला मासा आडवा पडल्यावर, काठी बाजूला झुकवलेलीच ठेवून, दोन-चार पावले मागे चालत त्याला सरकवून घेता येतो. गाळाच्या काठावर ते टाळावे. तिथे मासा चिखलात रुततो, अंग घासले जाऊन त्याचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडायचा असेल तर तो जगण्याची शक्यता घटते. शिवाय मासा उचलायला आपण पुढे झालो की आपलाच पाय गाळात जातो. उजनीच्या मागे हटलेल्या पाण्याच्या कडेला वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो.

तेव्हा आपल्या जागेसाठी जाळीच योग्य. दांडा दोन मीटरचा असावा, जाळी बिनगाठीच्या विणीची घ्यावी. मासा आणण्याआधीच ती पाण्यात बुडवून स्थिर धरावी आणि माशाला जाळीवरून सरकवत आणावे. जाळी माशामागे फिरवली की तो हमखास पुन्हा धावतो. मासा आत आल्यावर काठीचा ताण सोडावा, जाळी दांड्याने न उचलता मागे ओढत काठाशी आणावी आणि मगच कड्याला धरून वर घ्यावी. चिलापी हाताळताना पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबत हात फिरवावा, उलट्या बाजूने धरल्यास ते तळहातात घुसतात.